ट्रॅक्टरवरचा फवारणी पंप सारखा दम सोडतोय, फ्यूज उडतोय? नवीन पंप घ्यायच्या आधी एवढं बघा

आधी लक्षणं सांगतो, तुमचं ह्यात बसतं का बघा.

घरी पाणी टाकून बघितलं तर पंप झकास, वावरात गेलं की अर्ध्या तासात फवारा मलूल. गन उघडली की हेडलाइट मंद होते अन् पंप घुंऽ करून बसतो. फ्यूज उडतो, नवीन टाकला की चालतो, परत उडतो, अन् नेमका कधी उडतो ते काही कळत नाही. स्विचचं बटन गरम, एक-दोघांचं तर वितळून आत बसलेलं. पंप टक-टक-टक करत सारखा चालू-बंद. सकाळी चावी फिरवली तर स्टार्टर नुसता कट् म्हणतो अन् गप. अन् शेवटचं म्हणजे जळकट वास. तो येत असला तर पुढचं वाचू नका, इंजिन बंद करा, बॅटरीची मायनस काढा, मग निवांत बसून वाचा.

माझं आयटीआय वायरमनचं झालंय पण पोट शेतीवर, अंबडकडं मोसंबी अन् थोडी सोयाबीन-तूर. स्वतःच्या मिनी ट्रॅक्टरवर १२ व्होल्टचा पंप बसवला तेव्हापासून गावातले अन् पाहुण्यातले सगळे आपापले पंप घेऊन यायलेत, आषाढ लागला की रोज एखादा ट्रॅक्टर दारात उभा असतोच. आल्या आल्या प्रत्येकाचं वाक्य एकच, "पंप बोगस निघाला." अन् खोलून बघावं तर बहुतेक वेळा पंप ठणठणीत असतो, करंट बॅटरीतून निघतो पण पंपापर्यंत पोचतच नाही, वाटेतच मरतो. माझ्या दाजीनं एका हंगामात दोन पंप बदलले, तिसरा घ्यायला जालन्याला निघाले होते तेव्हा त्यांना म्हणलं दाजी, आधी वायर दाखवा. त्यांनी भंगारात टाकलेला पहिला पंप आज माझ्याच ड्रमवर चालू आहे, अन् ते प्रत्येक सणाला तो परत मागतात.

हात लावायच्या आधी हे करा. ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन बंद, पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा फिरणारा शाफ्ट) न्यूट्रलला, अन् लिफ्टवर ड्रम असला तर लिफ्ट पूर्ण खाली टेकवून ठेवा, उचललेल्या ड्रमखाली डोकं घालायचंच नाही. ड्रममध्ये औषध असलं तर ते आधी काढा, साधं पाणी टाकून पंप-नळी धुऊन घ्या, हातमोजे घाला. अंगठी-घड्याळ-कडं काढून ठेवा. अन् बॅटरी सोडवताना आधी मायनस, जोडताना मायनस सगळ्यात शेवटी. हे कशासाठी, तर मायनस बॉडीला जोडलेली असते, तुम्ही आधी प्लस सोडवायला गेलात अन् पाना घसरून बोनेटच्या पत्र्याला टेकला तर सरळ शॉर्ट, पाना लाल होतो अन् ठिणगीनं बॅटरीतला गॅस पेटला तर तोंडावर फुटते. मायनस आधी निघाली असली की पाना पत्र्याला टेकला तरी काही होत नाही.

आता फुकटातल्या गोष्टींपासून सुरू करू.

पहिलं म्हणजे जाळी. हसू नका, वायरिंगची तक्रार म्हणून आलेले कितीतरी पंप मी नुसती सक्शनची जाळी धुऊन परत पाठवलेत. बोअरचं जड पाणी, त्यात पाण्यात विरघळणारी पावडर, तळाला बसलेला गाळ, जाळी चोंदली की पंपाला पाणी मिळत नाही अन् फवारा पडतो. तसंच सक्शनच्या नळीचा क्लॅम्प ढिला असला तर पाण्याऐवजी हवा ओढतो, पारदर्शक नळीत बुडबुडे पळताना दिसतात. ओळखायची सोपी खूण सांगतो, पंपाचा आवाज जोरात अन् हलका असेल पण पाणी कमी, तर दोष पाण्याच्या बाजूला. आवाजच दबलेला, रडका असेल तर दोष करंटच्या बाजूला.

टक-टक-टक वाला प्रकारही बहुतेक वेळा वायरिंगचा नसतो. ह्या पंपाच्या तोंडावर प्रेशर स्विच असतो, ठरलेलं प्रेशर झालं की तो मोटर बंद करतो, प्रेशर उतरलं की चालू. पंप मोठा अन् नोझल एकच बारीक, मग पंप क्षणात प्रेशर भरतो, बंद होतो, लगेच उतरतं, परत चालू. दर वेळी आतले पॉइंट ठिणगी मारतात अन् शेवटी तो स्विच जळतो. उपाय असा की नळीला टी लावून एक कॉक टाका अन् जास्तीचं पाणी परत ड्रममध्ये सोडा, पंप एकसारखा चालतो अन् ड्रममधलं औषधही ढवळत राहतं, एका दगडात दोन कामं. प्रेशर स्विचवरचा स्क्रू मात्र पिळू नका, लोक तेच करतात.

दुसरं, बॅटरीचे टर्मिनल. पांढरी-हिरवी भुकटी चढली असेल तर मायनस-प्लस काढून गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशनं धुवा, बॅटरीच्या बुचातून पाणी आत जाऊ देऊ नका, कोरडं करून घट्ट बसवा अन् वरून व्हॅसलिन नाहीतर ग्रीस. टर्मिनल हातानं पिळून हललं तर ते ढिलंच आहे. लोक पंपाची वायर टर्मिनलच्या नटाखाली नुसती गुंडाळून ठेवतात, तसं नको, थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी) दाबून बसवा. ट्रॅक्टर धडधडतो, गुंडाळलेली तार चार दिवसात सैल होते.

तिसरं फ्यूज, अन् इथं मी थोडा जास्त बोलणार कारण इथंच जिवाशी खेळ होतो.

फ्यूज पंपासाठी नसतो, वायरीसाठी असतो. त्यामुळं तो बॅटरीच्या प्लसजवळ पाहिजे, वीतभर अंतराच्या आत. आपल्याकडं तो कुठं असतो, तर पंपाजवळ नाहीतर स्विचजवळ, कारण तिथं बदलायला सोपा. पण बॅटरीपासून तिथपर्यंतच्या वायरीला मग वालीच कोणी नाही. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गावातल्या एका आबांचा ट्रॅक्टर बघितला. वायर मडगार्डच्या भोकातून काढली होती, भोकाला रबर नाही, हादऱ्यानं पत्र्याच्या कडेनं वायर कापत कापत तांबं उघडं पडलं अन् बॉडीला टेकलं. फ्यूज होता की, पण टेकलेल्या जागेच्या पुढं, पंपाकडं. त्याला काही पत्ताच लागला नाही अन् मागं वायर बॅटरीपर्यंत लाल होऊन कवच वितळलं, बाजूनंच डिझेलचा पाइप गेलेला. पोरानं पळत येऊन पान्यानं मायनस काढली म्हणून निभावलं. आबा मला म्हणाले, "अरे फ्यूज तर चांगला हाय, मग जळालं काहून?" म्हणलं आबा, फ्यूज चांगला राहिला म्हणूनच वायर जळाली.

फ्यूज किती अँपिअरचा? पंपावरचं लेबल वाचा. ७-८ अँपिअर लिहिलं असेल तर १५ चा, पत्तीवाला निळा येतो तो. सुरू होताना मोटर क्षणभर जास्त ओढते म्हणून थोडा वरचा घ्यायचा. १५ चा उडतो म्हणून ३० चा हिरवा टाकायचा नाही, तार गुंडाळायची नाही, चांदीचा कागद तर नाहीच नाही. उडणारा फ्यूज तुम्हाला काहीतरी सांगायलाय. नवीन टाकल्या टाकल्या उडाला तर बहुतेक वायर कुठंतरी टेकलीय. पंपाकडची वायर सोडून बघा, तरी उडतो का? उडत असेल तर दोष वायरीत, नसेल उडत तर दोष पंपात, बहुधा तो जाम आहे. मागच्या हंगामाचं औषध आत वाळून बसलं की पंप जाम होतो, काम झाल्यावर साध्या पाण्यानं न धुतल्याचं ते फळ.

अन् अधूनमधून उडणारा फ्यूज? हा सगळ्यात छळणारा प्रकार. एका भाऊचा पंप तीन वेळा माझ्याकडं आला, दारात तासभर चालवला, काहीच नाही. चौथ्यांदा त्याच्याबरोबर वावरात गेलो. ओळीच्या टोकाला वळताना त्यानं लिफ्ट उचलली अन् फ्यूज फट्. वायर लिफ्टच्या हाताखालून गेली होती, वर उचललं की चिमटीत सापडायची, खाली आलं की मोकळी. दारात आम्ही लिफ्ट हलवतच नव्हतो तर सापडणार कसं. तेव्हापासून मी वायर तपासताना इंजिन चालू करून लिफ्ट वर-खाली करायला लावतो, स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवायला लावतो अन् लांब उभा राहून वायर कुठं ताणते, कुठं दबते ते बघतो. लिफ्टजवळ वायरीला थोडी ढील ठेवा पण एवढी नाही की लोंबून पीटीओच्या शाफ्टला लागेल. फिरत्या शाफ्टनं वायर गुंडाळली तर वायर जाईल, अन् ती सोडवायला तुम्ही हात घातला तर हात जाईल.

चौथं, मल्टीमीटर. साधा डिजिटल दोन-तीनशे रुपयाला मिळतो, पंपापेक्षा लई स्वस्त. २० व्होल्ट डीसीवर ठेवा. सकाळी इंजिन चालू करायच्या आधी बॅटरी मोजा, १२.६ च्या आसपास असली तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्जिंगला लावा, पंपाला दोष देऊ नका.

मग खरी तपासणी, अन् हीच लोक चुकवतात. पंप बंद असताना पंपाच्या वायरीवर मोजतात, १२.५ दाखवतं, म्हणतात "करंट तर पुरा येतोय". अहो, करंट वाहतच नसला तर खराब जोडावरही पूर्ण व्होल्टेज दिसणारच, पाइपात खडा अडकलेला असला तरी तोटी बंद असताना प्रेशर पूर्ण असतं तसं. गन उघडी, पंप पूर्ण लोडवर चालू, तेव्हा मोजा. दाजींच्या ट्रॅक्टरवर बॅटरीच्या बोंडावर १२.४ होतं अन् पंपावर ९.७. म्हणजे २.७ व्होल्ट वाटेत गायब.

आता कुठं गायब ते शोधायचं. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस बोंडावर, दुसरी पंपाच्या प्लस वायरीवर, पंप चालूच. जे आकडे दिसतील तेवढं प्लसच्या रस्त्यात मरायलंय. तसंच मायनस ते मायनस. दाजींचं प्लसला ०.८ अन् मायनसला १.९. म्हणजे चोर मायनसमध्ये. मग एक पिन बॅटरीवरच ठेवून दुसरी एकेक जोड पुढं सरकवत न्यायची, जिथं आकडा एकदम उडी मारतो तो जोड खराब. दोन्हीकडं ०.३ च्या आत असलं की मी समाधानी असतो. टेस्ट लॅम्प अन् मीटरच्या बीपवर इथं विसंबू नका, वायरीतली एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो, पण त्या एका तारेवर पंप चालत नाही.

मायनस का खराब निघते? कारण पंपाची काळी वायर जवळच्या कुठल्यातरी बोल्टला मारलेली असते, चेसिसच अर्थ म्हणून. तो बोल्ट रंगावर बसलेला, त्यात गंज, त्यात चिखल, अन् ड्रमची फ्रेम तर लिफ्टच्या पिनांवर लोंबतेय, तिथून करंट जाणार ग्रीस लागलेल्या पिनांतून. कधी जातो कधी नाही, म्हणून घरी चालतो अन् वावरात नाही. सरळ मायनसची वेगळी वायर बॅटरीपर्यंत न्या. चार मीटर वायरीचा खर्च आहे पण अर्ध्या तक्रारी तिथंच संपतात. बॅटरीपर्यंत न्यायची नसलीच तर इंजिनच्या ब्लॉकवर जिथं बॅटरीची मूळ अर्थ वायर बसलीय तिथं, रंग घासून.

पाचवं, वायर स्वतः. घरातली ट्यूबलाइटची वायर उरली होती म्हणून लावली, असं ऐकलं की मला पुढचं विचारावंच लागत नाही. हिशोब बघा. बॅटरी बोनेटखाली, पंप मागं, ४ मीटर धरा, जायची-यायची मिळून ८ मीटर. १ स्क्वेअर एमएमच्या वायरीत १० अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट जातो. २.५ च्या वायरीत ०.६. ४ च्या वायरीत ०.४ च्या आत. घरातल्या २३० व्होल्टात दीड व्होल्ट गेला तर कोणाच्या बापाला कळत नाही, इथं मुळात बाराच आहेत. मी ४ ची लावतो, मऊ बारीक तारांची, कडक एका तारेची हादऱ्यानं तुटते. अन् विकत घेताना टोक सोलून एक तार ब्लेडनं खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर तांब्याचा नुसता मुलामा, आत ॲल्युमिनियम. ती नको.

जोड पिळून त्यावर काळी चिकटपट्टी, हा आपला राष्ट्रीय जोड. वैशाखात ट्रॅक्टर उन्हात उभा राहिला की तिचा डिंक वितळतो, पट्टी सुटते, पावसाळ्यात आत पाणी. मोसंबीला डिंक्यासाठी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारणारे तर आणखी बघा, मोरचूदाचं पाणी जोडात शिरलं की तांबं हिरवं होऊन भुकटी पडते, वरून पट्टी चांगली अन् आत काहीच नाही. शक्यतो मध्ये जोडच नको, अन् असला तर थिंबल नीट दाबून, वरून गरम करून बसणारी स्लीव्ह, अन् ड्रमपासून लांब. पूर्ण वायर फ्लेक्झिबल पाइपात घाला, सायलेन्सर अन् डिझेल पाइपापासून दूर ठेवा, पत्र्याच्या भोकात रबर बसवा.

सहावं, स्विच गरम होत असेल तर रिले, म्हणजे बारक्या करंटवर जाड करंट चालू-बंद करणारा स्विच. डॅशबोर्डवरच्या बारक्या टॉगल स्विचमधून १० अँपिअर नेले की तो वितळणारच, अन् हेडलाइटच्या किंवा चावीच्या वायरीतून पंपाला करंट घेतला असेल तर ट्रॅक्टरची मूळ वायरिंगच भाजते. १२ व्होल्ट ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले आणा. त्यावर आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीची प्लस, फ्यूजमधून आलेली. ८७ वरून पंपाला. ८५ अर्थ. ८६ वर स्विचमधून येणारी बारीक वायर, अन् त्या स्विचला करंट चावी ऑन केल्यावरच येणाऱ्या लाइनीतून द्या, मध्ये ५ अँपिअरचा छोटा फ्यूज. आता स्विचमधून पाव अँपिअरही जात नाही, जाड करंट रिलेतून. पाच पिनांचा आणला तर मधली ८७ ए मोकळी सोडा. पिना खाली तोंड करून बसवा म्हणजे पाणी साचत नाही.

चावीच्या लाइनीचा फायदा असा, संध्याकाळी गन बंद केली की प्रेशर भरून पंप गप्प होतो, आपल्याला वाटतं बंद केला. स्विच चालूच. नळीत कुठं थेंब थेंब गळत असलं की पंप रात्रभर मध्ये मध्ये उठतो, सकाळी बॅटरी खलास. चावी काढल्यावर पंपही मेला पाहिजे, म्हणजे विसरायचा प्रश्नच नाही.

एवढं करूनही वावरात दम सोडत असेल तर चार्जिंग बघा. इंजिन चालू, थोडी रेस देऊन बॅटरीवर मोजा, १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. साडेबारावरच अडकलं तर अल्टरनेटर भरत नाहीये, आधी पट्टा ढिला आहे का बघा, इंजिन बंद करून. अन् डिझेल वाचवायला इंजिन बंद ठेवून पंप चालवणारे महाभाग असतील तर ८ अँपिअरनं चार तास म्हणजे ३२ अँपिअर-तास, ६० ची बॅटरी निम्मी झाली. रोज तसं केलं की बॅटरीचं आयुष्य जातं, डिझेलपेक्षा महाग पडतं.

एक कटू गोष्ट. मोठ्या मोसंबीच्या झाडाला आतपर्यंत धुवायला हा पंप पुरत नाही, त्याला पीटीओवर चालणारा जास्त प्रेशरचा एचटीपी पंपच पाहिजे. तणनाशकाची पट्टी, सोयाबीन, लहान झाडं, तुरीचे शेंडे, इथपर्यंत १२ व्होल्टवाला चांगला. काही जणांची वायरिंग नीट असते, अपेक्षाच चुकलेली असते.

आता थांबायचं कुठं ते सांगतो. ट्रॅक्टरच्या मूळ वायरिंगचा गठ्ठा भाजला असेल, एकमेकांना चिकटला असेल तर सोडवत बसू नका. अल्टरनेटर भरत नसेल अन् पट्टा ठीक असेल तर ते ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम. बॅटरी फुगली, तडकली, सडक्या अंड्यासारखा वास आला तर तिला चार्जिंगलाही लावू नका, तिच्याजवळ बिडी काडी पेटवू नका, बॅटरीवाल्यालाच दाखवा. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापायच्या आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. अन् योग्य फ्यूज, योग्य वायर असून तिसऱ्यांदा उडाला तर चौथा टाकू नका, मिस्त्रीकडं न्या.

नेताना पंप आतून-बाहेरून धुऊन न्या अन् शेवटचं औषध कुठलं मारलं होतं ते त्याला आधी सांगा, उघड्या हातानं तो आत बोट घालणार आहे.